कॅम्पसवर वायफायच्या काड्या फुल, तरी नेट चालत नाही: कुठून बघायला सुरुवात करायची

तक्रार नेहमी दोनच शब्दांत येते: "रेंज नाही." त्यावरचा उपायही ठरलेला असतो: अजून एक ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल सोडणारा डबा) लावा. काही दिवस बरे जातात आणि मग त्याच वर्गातून तीच तक्रार परत येते. कारण "रेंज नाही" यामागे तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. एक, सिग्नल खरंच पोहोचत नाही. दोन, सिग्नल आहे पण हवेत गर्दी आहे. तीन, हवा मोकळी आहे, पण मागची वायर, आयपी ॲड्रेस किंवा लॉगिन कुठेतरी अडकलंय. नवीन एपीने यातला फक्त पहिला आजार बरा होतो. तिसऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही आणि दुसरा बऱ्याचदा उलट वाढतो. म्हणून शिडी आणि ड्रिल सगळ्यात शेवटी.

लक्षणं आणि त्यांचा रोख

- वर्ग रिकामा असताना झकास, तास भरला की ठप्प, तास सुटला की पुन्हा झकास: हवेतली गर्दी, नाहीतर ॲड्रेस संपले.
- फोन "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" यावरच अडकतो, किंवा जोडला जातो आणि खाली "इंटरनेट नाही" लिहून येतं: डीएचसीपी (फोनला आयपी ॲड्रेस वाटणारी सेवा).
- जिना चढून वर गेलं की व्हिडिओ कॉल तुटतो, वायफाय बंद-चालू केलं की लगेच जुळतो: फोन खालच्या मजल्यावरचा एपी सोडत नाही.
- हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये काड्या फुल, खोलीचं दार लावलं की एकच: हा मात्र खरा कव्हरेजचा प्रश्न.
- एकाच एपीखाली सगळे स्लो, माणसं पाच असोत की पन्नास: वायर किंवा वीज.
- एपी मधूनच मिनिटभर गायब होऊन परत येतो: रडारवाले चॅनेल, नाहीतर वीज.
- एकाच सकाळी कॅम्पसभर कुणाचंच लॉगिन होत नाही: बहुतेक वेळा रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा) किंवा त्याचं सर्टिफिकेट. एपीला हातही लावू नका.

तक्रार घेताना चार गोष्टी लिहून घ्या: जागा (नुसतं "लायब्ररी" नको, "लायब्ररी, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल" असं हवं), वेळ, कोणतं डिव्हाइस आणि तेव्हा शेजारच्याचं चालू होतं का. चौथ्या प्रश्नाने निम्मं काम होतं. शेजारच्याचं चालू असेल तर नेटवर्क विसरून पुन्हा जोडायला सांगा, ड्रायव्हर अपडेट करायला लावा आणि तिथेच थांबा. एका जुन्या लॅपटॉपसाठी अख्ख्या मजल्याची सेटिंग हलवू नये.

१. काड्या मोजू नका, आकडा बघा

किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो आणि तो ऋण असतो. शून्याकडे जाईल तितका चांगला. वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट ॲप चालेल. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज (हवेतला गोंगाट) आणि चॅनेल तिन्ही दिसतात. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात. त्यामुळे चालता चालता दिसणारा आकडा बऱ्याचदा मागच्या खोलीतला असतो. अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर डेव्हलपर ऑप्शनमधलं स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा. नाहीतर प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून मगच आकडा टिपा.

५ गिगाहर्ट्झवर -६७ किंवा त्याहून चांगला आकडा असेल तर व्हिडिओ कॉलसुद्धा नीट चालायला हवा. -७० ते -७५ मध्ये ब्राउझिंग चालतं, कॉल अडखळतो. -८० च्या पलीकडे जोडलेलं राहणं हेच नशीब. सिग्नल आणि नॉइज यांत निदान २५ डीबीचं अंतर हवं. हे गणित मनात ठेवा: ३ डीबी गेले की ताकद निम्मी, १० डीबी गेले की दहावा हिस्सा.

आकडा -५५ आहे आणि तरी नेट चालत नाही, तर हा कव्हरेजचा प्रश्न नाही. मग त्याच जागेवरून गेटवेला (कॅम्पसच्या नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) पिंग करा, म्हणजे उत्तर किती वेळात येतं ते बघा, आणि नंतर बाहेरच्या एखाद्या साइटला. गेटवेचं उत्तर सतत काही मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचंच रखडतंय, तर दोष इंटरनेट लाइनचा किंवा फायरवॉलचा. गेटवेचंच उत्तर कधी ४, कधी ३००, कधी नाहीच, तर दोष हवेत किंवा एपीच्या वायरीत. या एका पिंगमुळे दिवसभराची पायपीट वाचते.

२. आयपी ॲड्रेस काय मिळालाय

अडलेल्या फोनमध्ये वायफायचे तपशील उघडा आणि ॲड्रेस वाचा.

१६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. बहुतेक वेळा ॲड्रेस संपलेले असतात. २४ बिटांच्या सबनेटमध्ये (ॲड्रेसच्या एका गटात) वापरता येणारे ॲड्रेस २५४ च असतात. लेज (ॲड्रेस एका फोनकडे राहायची मुदत) २४ तासांची असेल, तर सकाळी पोर्चमधून नुसता चालत गेलेला फोनसुद्धा उद्यापर्यंत एक ॲड्रेस अडवून ठेवतो. त्यात हल्लीचे फोन मूळ मॅक ॲड्रेस (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) लपवून बनावट ॲड्रेस वापरतात (अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही सोय आपोआप चालू असते). नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की सर्व्हरला तो नवाच पाहुणा वाटू शकतो. विद्यार्थ्यांच्या नेटवर्कसाठी लेज एक ते दोन तासांवर आणा आणि सबनेट २२ बिटांचा करा, म्हणजे १०२२ ॲड्रेस मिळतात. हॉस्टेलमध्ये माणसं बदलत नाहीत, तिथे लेज ८ ते १२ तास ठेवली तरी चालते.

ॲड्रेस १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने सुरू होतोय आणि तुमच्या आराखड्यात ती रेंजच नाही? मग कुणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावलाय आणि तोच सगळ्यांना ॲड्रेस वाटतोय. स्विचवर (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) मॅक टेबल, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठलं उपकरण आहे ती यादी, बघून पोर्ट शोधा, राउटर काढा आणि सगळ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या पोर्टवरून ॲड्रेस वाटू न देणारी सोय) चालू करा. नुसता राउटर काढून भागत नाही. पुढच्या सत्रात दुसरा येतोच.

३. नावं किती आणि जुने डेटा रेट चालू आहेत का

याला खर्च नाही, फक्त कंट्रोलरमध्ये (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) लॉगिन करायचं. तरीही सगळ्यात जास्त कॉलेजांत दुर्लक्षित राहतं ते हेच.

प्रत्येक एपी प्रत्येक नेटवर्क नावासाठी दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन (मी इथे आहे अशी हाळी) सोडतो आणि तो सगळ्यात कमी सक्तीच्या रेटने, म्हणजे डेटा पाठवायच्या वेगाने, जातो. २.४ गिगाहर्ट्झवर १ एमबीपीएस रेट चालू असेल तर ३०० बाइटचा बीकन हवेत जायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. आता स्टाफ, स्टुडंट, गेस्ट, एक्झाम आणि कधीकाळी कुठल्याशा कार्यक्रमासाठी केलेलं एक, अशी पाच नावं धरा. झाले १२ मिलिसेकंद, म्हणजे हवेतला जवळपास १२ टक्के वेळ नुसती हाळी देण्यात गेला. त्याच चॅनेलवर आसपासचे तीन एपी ऐकू येत असतील तर एक तृतीयांशाहून जास्त. अजून कुणी एक पानसुद्धा उघडलेलं नाही! आणि नवीन एपी लावला की तो स्वतःच्या पाच हाळ्या घेऊन येतो.

१, २, ५.५ आणि ११ हे रेट बंद करा आणि किमान रेट १२ ठेवा. तोच बीकन ०.२ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. नावं तीनवर आणा. स्टाफ आणि विद्यार्थी वेगळे ठेवायला वेगळं नाव लागत नाही, लॉगिनवरून व्हीलॅन (त्याच वायरीवरचं वेगळं नेटवर्क) ठरवता येतो. किमान रेट वाढवला की लांबून लटकलेले फोनही आपोआप सुटतात, हा वरचा फायदा. त्याआधी लॅबमधली जुनी उपकरणं, वायफायवरचे प्रिंटर, हजेरीची मशीन यांची यादी काढा. त्यातली काही फक्त ११ पर्यंतच बोलतात. ती सापडली तर वायरवर घ्या.

४. चॅनेल, रुंदी आणि पॉवर

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. कुणी "मधलं मोकळं दिसतंय" म्हणून ३ किंवा ९ लावलं असेल तर ते आधी बदला. एकाच चॅनेलवरचे एपी निदान एकमेकांचं ऐकून पाळी तरी लावतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरच्यांना समोरून येतो तो नुसता गोंगाट. रुंदी इथे कायम २० मेगाहर्ट्झ. एपी दाटीने लावलेले असतील तर दर दोनांतल्या एकाचा २.४ चा रेडिओ बंदच करा. तीन चॅनेलांत बारा एपी बसत नाहीत. कँटीनजवळचा २.४ जेवणाच्या वेळीच बिघडत असेल तर मायक्रोवेव्हकडे बघा, तोही याच पट्ट्यात काम करतो.

५ गिगाहर्ट्झवर डबीवर लिहिलेल्या वेगाचा मोह सोडा. ८० मेगाहर्ट्झची रुंदी म्हणजे एका एपीने चार चॅनेल खाणं. वर्गांच्या इमारतीत २० ठेवा, एपी विरळ असतील तिथे ४०.

५२ ते १४४ या चॅनेलांवर बऱ्याच देशांत रडारला पहिला मान असतो. एपीला बोलण्याआधी निदान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो. रडारसारखं काही जाणवलं तर ते चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. मिनिटभर गायब होणाऱ्या एपीचं कोडं बहुतेक इथेच सुटतं. लॉगमध्ये रडारची नोंद शोधा. एखाद्या इमारतीत ती रोज दिसत असेल तर तेवढ्या इमारतीपुरती ती चॅनेल यादीतून काढा, सगळ्या कॅम्पसवरून नको. ती सरसकट काढलीत तर उरलेल्या मोजक्या चॅनेलांत सगळे कोंबले जातात.

आता पॉवर. पूर्ण पॉवर लावणं म्हणजे भोंगा लावून बोलणं: तुमचं सगळ्यांना ऐकू जातं, त्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही. फोनची पॉवर साधारण १२ ते १५ डीबीएम असते. एपी २३ वर ओरडत असेल तर लांबच्या फोनवर काड्या फुल दिसतात, पण फोनचं उत्तर एपीपर्यंत पोहोचत नाही. "काड्या आहेत पण नेट नाही" यामागे बऱ्याचदा हेच असतं. ५ गिगाहर्ट्झवर १४ ते १७ डीबीएम ठेवा आणि २.४ त्याहून साधारण ६ डीबी खाली. ऑटो पॉवर चालू ठेवायची असेल तर खालची आणि वरची मर्यादा बांधून द्या. सुट्टीत रिकाम्या इमारतीत ऑटोने घेतलेले निर्णय भरलेल्या वर्गात उपयोगी पडत नाहीत.

जिन्यावर तुटणारा कॉलही इथेच सुधारतो. एपी कधी बदलायचा हे फोन ठरवतो, कंट्रोलर नाही. आयफोन सिग्नल -७० च्या खाली गेल्यावर दुसरा एपी शोधायला लागतो. खालच्या मजल्यावरचा एपी भोंगा लावून बसला असेल तर वरच्या मजल्यावरही आकडा -६५ राहतो आणि फोन शोधायला निघतच नाही. आधी पॉवर कमी करा, मग ८०२.११ के आणि व्ही (फोनला जवळचा एपी सुचवणाऱ्या सोयी) चालू करा. आर (एपी बदलताना लॉगिन झटपट करणारी सोय) शेवटी आणि आधी एकाच इमारतीत. काही जुनी उपकरणं आर चालू असलेल्या नेटवर्कला जोडलीच जात नाहीत.

एका वेळी एकच सेटिंग बदला, जुना आकडा लिहून ठेवा आणि वेळापत्रकाचा एक पूर्ण आठवडा जाऊ द्या. सोमवारी सकाळचा वर्ग आणि शुक्रवारी दुपारचा वर्ग यांची तुलना होत नाही.

५. वायर आणि वीज

एकाच एपीखाली सगळे स्लो असतील तर स्विचवर त्या पोर्टचा वेग बघा. १००० ऐवजी १०० दिसला तर दोष जवळपास सापडला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. क्रिंपिंग करताना (टोकाला प्लग बसवताना) निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही तर लिंक तुटत नाही, गुपचूप १०० वर येते. एपीचा दिवा लागतो, पिंग चालतं आणि दोष महिनोन्महिने हवेवर ढकलला जातो. दोन्ही टोकं पुन्हा मारा, टेस्टरवर आठही तारा तपासा. स्विचवर त्या पोर्टचे एरर काउंटर शून्य करून तासाभराने पुन्हा बघा.

पॅच कॉर्डसकट लांबी १०० मीटरच्या आत हवी. केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर ती टाकून द्या. तिचा रोध जास्त असतो, लांब अंतरावर वीज वाटेतच गळते आणि ऐन भाराच्या वेळी एपी रीस्टार्ट होतो.

एपीला वीज नेटवर्क केबलमधूनच मिळते (पीओई), तिचं गणित कागदावर मांडा. ८०२.३ एएफ प्रकारचा पोर्ट १५.४ वॅट देतो, त्यातले एपीपर्यंत १२.९५ पोहोचतात. एटी पोर्ट ३० देतो, पोहोचतात २५.५. वायफाय ६ च्या बऱ्याच एपींना एटी लागतं. एएफवर ते चालू होतात, पण काही अँटेना किंवा अख्खा एक रेडिओ बंद ठेवून. काही मॉडेल स्विचवर एलएलडीपी (एपी आपली गरज स्विचला कळवतो ती सोय) बंद असेल तर वीज असूनही कमीच घेतात. आणि २४ पोर्टच्या स्विचचं एकूण बजेट ३७० वॅट असेल, तर ३० वॅटचे एपी त्यावर बाराच बसतात. तेरावा लावला की कुठला तरी एक झोपतो, आणि तो तेरावाच असेल असंही नाही.

पॅनेलमधली मेन वायर, यूपीएस किंवा अर्थिंग यांत काही गडबड दिसली तर इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

६. एपी लटकवलाय कसा

छतासाठी बनवलेल्या एपीचा सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो. तोच भिंतीवर उभा ठोकला की सिग्नल वरच्या आणि खालच्या मजल्यावर जातो, वर्गात कमी. पत्र्याच्या फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेला एपी म्हणजे डब्यात ठेवलेला रेडिओ. एसीची डक्ट, लोखंडी तुळई, प्रोजेक्टरचा स्टँड यांच्यापासून निदान एक मीटर लांब ठेवा. पुस्तकांनी भरलेले रॅक सिग्नल शोषतात, म्हणून लायब्ररीत एपी वाचायच्या टेबलांच्या वर हवा, रॅकच्या पलीकडे नको.

७. खरंच एपी कमी आहेत का: मोजून बघा

१२० आसनांचा हॉल घ्या. माणशी दोन डिव्हाइस धरली तर २४०. त्यातली निम्मी एका वेळी खरंच काही मागतायत असं धरलं तर १२०. एका रेडिओवर ३० ते ४० सक्रिय डिव्हाइस ठीक चालतात, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे तीन ते चार रेडिओ हवेत, प्रत्येक वेगळ्या चॅनेलवर. दोन स्ट्रीमच्या (एकाच वेळी डेटाचे दोन प्रवाह चालवणाऱ्या) वायफाय ५ फोनला २० मेगाहर्ट्झवर कागदोपत्री जास्तीत जास्त १७३ एमबीपीएस मिळतात, हाती लागतात साधारण निम्मे. ते ४० जणांत वाटले की माणशी दोनेक एमबीपीएस. वाचन आणि असाइनमेंटला पुरतात, सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावला तर नाही. कव्हरेजच्या हिशेबाने मात्र याच हॉलला एक एपी पुरला असता. भरलेल्या वर्गाची तक्रार जन्मते ती नेमकी या फरकात.

८. हॉस्टेल

इथे खरोखर भिंती आड येतात. कॉरिडॉरमध्ये एपी लावणं सोपं आणि स्वस्त, म्हणून सगळीकडे तेच केलेलं असतं. आता बघा काय होतं. खोलीच्या दारात आकडा -५०. विटांच्या भिंतीने साधारण १० डीबी घेतले, -६०. पलीकडे लोखंडी कपाट, अजून १०, -७०. पलंगावर आडवं पडून फोन अंगाआड धरला की अजून चार-पाच, -७५. भिंत काँक्रीटची असेल तर तिचेच १५ ते २० जातात. उलट कॉरिडॉर मोकळा असल्यामुळे चार एपी एकमेकांना खणखणीत ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबत राहतात. ज्यांनी ऐकायचं त्यांना ऐकू येत नाही, ज्यांनी ऐकू नये ते ऐकत बसतात. कॉरिडॉरमध्ये पाचवा लावून हे सुटत नाही.

एपी खोल्यांच्या आत न्या, कमी पॉवरवर. एक आड एक खोली, कॉरिडॉरच्या डावी-उजवीकडे आलटून पालटून आणि वरच्या मजल्यावर एक खोली सरकवून, म्हणजे एकावर एक येणार नाहीत. केबल ओढण्याआधी एक एपी स्टँडवर बांधा, पीओई इंजेक्टरने चालू करा, नंतर जी पॉवर ठेवणार आहात तीच लावा आणि दारं लावून आजूबाजूच्या खोल्यांत आकडे घ्या. एक एपी किती खोल्या सांभाळतो हे तुमच्या भिंतीच सांगतील.

इथून पुढे स्वतः करू नका

दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल टाकायची नाही. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि वीज कडाडली की दोन्ही टोकांचे स्विच जातात. तिथे फायबर लागतं, जोडणाऱ्याकडूनच करून घ्या. गच्चीवरचे खांब, बाहेरचे एपी आणि त्यांचं सर्ज संरक्षण, उंचीवरचं काम, काँक्रीटच्या स्लॅबमधून भोक पाडणं, हेही त्या त्या माणसाचं काम. रेडियसचं सर्टिफिकेट संपलं असेल आणि आधी कधी बदललेलं नसेल तर घाईत नवीन टाकू नका. सर्टिफिकेट देणारी संस्था बदलली तर प्रत्येक फोनवर सेटिंग पुन्हा करावी लागू शकते.

वरचं सगळं करूनही हवेत न ओळखू येणारा गोंगाट असेल, तर त्याला स्पेक्ट्रम ॲनालायझर लागतो. फोनच्या ॲपला वायफाय नसलेलं काहीच दिसत नाही. तीनशेपेक्षा मोठं सभागृह, नवी इमारत किंवा अख्ख्या हॉस्टेलची फेरमांडणी असेल तरी सर्व्हे करणाऱ्याला बोलवा. त्याला नकाशे, भिंती कशाच्या आहेत ते, खोलीवार आसनसंख्या आणि तुमच्या तक्रारींची वही द्या. रिपोर्टमध्ये चार गोष्टी लेखी मागा: ५ गिगाहर्ट्झवर सगळीकडे -६७ किंवा चांगला, दुसऱ्या क्रमांकाचा एपी -७२ च्या आसपास, सिग्नल आणि नॉइजमध्ये २५ डीबी, आणि एकाच चॅनेलवरचे किती एपी कुठे ऐकू येतात त्याचा नकाशा. मोजमाप दारं बंद ठेवून, आणि त्याच्या महागड्या सर्व्हे कार्डाबरोबर विद्यार्थ्यांकडे असतो तसा एक साधा फोन घेऊनही झालं पाहिजे. दोन्हींतला फरक आठ-दहा डीबी निघाला तर एपी कुठे बसवायचे हे फोनच्या आकड्यावर ठरवायला सांगा.